शिडीला लागणारा वेळ

१२ ऑगस्ट २०२० रोजी जन्माष्टमी होती. करोनाच्या त्या वर्षी देवळांत गर्दी करता येत नव्हती, म्हणून उत्तर प्रदेशात घराघरांतूनच पाळणे सजले होते. दुपार कलल्यावर लखनौ आणि राज्यातील इतर अनेक शहरांतल्या घरांची वीज गेली. वीज जाणे तिकडे नवे नाही. पण या अंधाराची तऱ्हा वेगळी होती. गल्लीतल्या एका घरात दिवे होते आणि त्याला चिकटून असलेल्या घरात नव्हते. रोहित्र शाबूत, तारा शाबूत, फ्यूज शाबूत. उलगडा झाला तो असा, की ज्यांच्याकडे स्मार्ट मीटर बसवले होते तीच घरे अंधारात होती. जोडणी तोडण्याची आज्ञा मध्यवर्ती यंत्रणेतून चुकीने सुटली होती आणि दीड लाखांहून अधिक मीटरांनी ती निमूटपणे पाळली होती. तोडणे एका झटक्यात झाले. जोडणे मात्र त्या गतीने झाले नाही. कित्येक घरांत कृष्णजन्म मेणबत्तीच्या उजेडात झाला. पुढे चौकशी विशेष कृती दलाकडे गेली आणि नवे मीटर बसवण्याचे काम थांबवण्यात आले.

दुसऱ्या दिवशी ही बातमी शेजारच्या एका राज्यातील वीज वितरण कंपनीच्या कार्यालयात एका अभियंता बाईंनी वाचली. त्यांच्याही शहरात स्मार्ट मीटर बसू लागले होते आणि त्यांची नेमणूक नुकतीच मीटर नियंत्रण कक्षात झाली होती. बातमी वाचून त्यांना पहिल्यांदा आठवली ती शिडी.

नोकरीची पहिली पाच वर्षे त्यांनी शिडीच्या पायथ्याशी उभे राहून काढली होती. थकबाकीदारांची जोडणी तोडण्याची मोहीम निघे तेव्हा बरोबर एक ज्येष्ठ लाइनमन असत. बाई त्यांना चाचा म्हणत. चौघांत ते बाईंना मॅडम म्हणत आणि खांबावर चढताना मात्र बेटी म्हणून शिडी घट्ट धरायला सांगत. दिवसाला वीस-पंचवीस घरांपलीकडे ही मोहीम जात नसे. यादी हातात, दारावरचा क्रमांक पाहायचा, मीटरचा क्रमांक पुसून वाचायचा, घरातल्यांना हाक मारायची. घरातले बाहेर येत. कोणी पावती दाखवी, कोणी उद्यापर्यंतची मुदत मागे, कोणी शिव्या देई. कधी आतून एखाद्या म्हाताऱ्या माणसाचा खोकला ऐकू येई आणि चाचा शिडी खांद्यावर टाकून पुढच्या घराकडे वळत. यादीवर शेरा पडे: घर बंद.

विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम ५६ नुसार थकबाकीसाठी पुरवठा तोडण्यापूर्वी ग्राहकाला निदान पूर्ण पंधरा दिवसांची लेखी सूचना द्यावी लागते. पण त्या पंधरा दिवसांनंतरही दुसरा एक कालावधी उरत असे, जो कोणत्याही कायद्यात लिहिलेला नव्हता. शिडी आणायला, ती लावायला, चढायला आणि तारेला हात घालण्यापूर्वी खाली एकदा पाहायला लागणारा वेळ. चुकीचे घर, चुकीचा क्रमांक, भरलेले पण नोंदले न गेलेले बिल, या साऱ्या चुका त्या वेळात आपसूक गळून पडत. त्यासाठी कोणी वेगळी व्यवस्था केलेली नव्हती. काम मुळातच सावकाश होते, इतकेच.

स्मार्ट मीटरने तो वेळ काढून घेतला. कसा, ते पाहण्यासाठी मीटर उघडून पाहायला हवा, निदान कल्पनेने. जुना मीटर फक्त मोजत असे. नव्या मीटरात मोजण्याच्या मंडलाखेरीज दोन गोष्टी अधिक असतात: बोलण्यासाठी एक लहानसा रेडिओ किंवा सिमकार्डाचा संच, आणि घराकडे जाणाऱ्या प्रवाहाच्या वाटेत एक रिले. हा रिले खटक्यासारखा असतो. त्याला ‘चालू’ किंवा ‘बंद’ राहण्यासाठी सतत वीज लागत नाही. विजेचा एक क्षणिक झटका मिळाला की तो एका स्थितीतून दुसरीत जातो आणि तिथेच घट्ट बसतो. म्हणून तर दिवसभर वीज गेली तरी रिले आपली शेवटची स्थिती विसरत नाही. घराघरांत बसणाऱ्या अशा मीटरांसाठी भारतीय मानक ब्युरोचे ‘आयएस १६४४४’ हे मानक आहे आणि हा खटका त्याच मानकाचा भाग आहे. तोडण्याची आज्ञा आली की कान देऊन ऐकणाऱ्याला मीटरच्या पेटीतून एक बारीकसा ‘टक्’ ऐकू येतो. साऱ्या घराचा अंधार त्या एका आवाजात असतो.

आज्ञा मीटरपर्यंत पोहोचते ती दोन मार्गांनी. काही ठिकाणी मोबाइलच्या जाळ्यावरून थेट. तर काही ठिकाणी ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झच्या मुक्त पट्ट्यात मीटर एकमेकांशी बोलतात. एका मीटरने ऐकलेले तो शेजारच्याला सांगतो, शेजारचा पुढच्याला, आणि असे करत निरोप खांबावरच्या संकलकापर्यंत जातो. गावात वार्ता पसरते तशीच ही रीत; फरक इतकाच की इथे निरोप कुलूपबंद असतो आणि ज्या मीटरची किल्ली असेल त्यालाच तो उघडता येतो. याच वाटेने दर पंधरा वा तीस मिनिटांचा वापर कार्यालयात येतो. वीज गेली तर मीटर आपल्या साठवलेल्या थोड्याशा ऊर्जेवर ‘वीज गेली’ हा शेवटचा निरोप पाठवून मग गप्प होतो. अभियंत्यांच्या बोलीत त्याला शेवटचा श्वास म्हणतात.

बाईंना हे यंत्र मनापासून आवडे, हे इथे सांगितले पाहिजे. त्यांच्या पुढ्यात शहराचा नकाशा होता आणि कोणत्या गल्लीत वीज नाही हे आता ग्राहकाने तक्रार करण्यापूर्वी कळत होते. एखाद्या रोहित्रातून किती वीज निघाली आणि त्याखालच्या घरांत मिळून किती पोहोचली याचा मेळ रोजच्या रोज बसवता येत होता; जिथे बसत नव्हता तिथे चोरी होती किंवा गळती. शिडीच्या दिवसांबद्दल त्यांना हळवेपणा नव्हता. त्यांनी त्याच शिडीवरून एक सहकारी जिवंत तारेला चिकटलेला पाहिला होता. बंद असल्याचे सांगितलेली वाहिनी बंद नव्हती. शिवाय शिडीखाली जशी दया घडे तशी देवाणघेवाणही घडे. ज्याच्या खिशात शंभराची नोट असे त्याचे घर यादीत असूनही ‘बंद’ निघे आणि ज्याच्याकडे नसे त्याची तार खाली येई. म्हणून माणसाचा हात मधून काढला जात आहे याचे त्यांना वाईट वाटले नाही.

पहिला धक्का बसला तो एका साध्या फोनने. पलीकडून एक शिक्षक बोलत होते. बिल आगाऊ भरलेले, पावती समोर, आणि घरात सकाळपासून वीज नाही. बाईंनी पडद्यावर पाहिले. शिक्षकांच्या खात्यावर जमा शिल्लक होती, मीटर ‘चालू’ दाखवत होता, अर्ध्या तासापूर्वीचा वापरही नोंदला गेला होता. यंत्रणेच्या मते त्यांच्या घरात पंखा फिरत होता. तासाभराने चाचा स्वतः जाऊन आले आणि त्यांनी फोनवर एवढेच सांगितले, “मॅडम, कागदावर घरं बदललीत.” मीटर बसवणाऱ्या मुलाने समोरासमोरच्या दोन दारांचे मीटर आलटून पालटून नोंदवले होते. थकबाकी समोरच्याची होती. अंधार शिक्षकांकडे गेला होता. समोरच्या घरात पंखा खरोखरच फिरत होता, शिक्षकांच्या पैशांवर.

यात तंत्रज्ञानाची काही चूक नव्हती. आज्ञा बरोबर मीटरला गेली, मीटरने ती बरोबर पाळली, पोच बरोबर आली. फक्त तो मीटर त्या घरी नव्हता. विद्यार्थ्यांना सहसा संकेतलिपी, रेडिओलहरी, सर्व्हर यांत रस वाटतो आणि ते योग्यच आहे. परंतु वितरण कंपन्यांत ज्या कामाने डोके पिकते ते याहून पुष्कळ नीरस असते. कोणता मीटर कोणत्या ग्राहकाचा, तो ग्राहक कोणत्या खांबावर, तो खांब कोणत्या रोहित्रावर, ते रोहित्र कोणत्या वाहिनीवर, ही साखळी खरी ठेवणे. शिडीच्या काळात ही साखळी चुकलेली असली तरी चाले, कारण ती चाचांच्या डोक्यात बरोबर होती.

दुसरा प्रकार अधिक चमत्कारिक होता. एका बाईंनी रिचार्ज केले, वीज आली, आणि दोन दिवसांनी शिल्लक असतानाच पुन्हा गेली. मीटरच्या नोंदी उलगडून पाहिल्या तेव्हा कळले की पहिल्यांदा तोडण्याची आज्ञा एकदा नव्हे तर दोनदा निघाली होती. त्यांतली एक पोहोचली. दुसरी रेडिओच्या जाळ्यात कुठेतरी अडकली, ‘पुन्हा प्रयत्न करा’च्या रांगेत जाऊन बसली आणि पावसाने बंद पडलेला संकलक दोन दिवसांनी जागा झाल्याबरोबर तिने आपले काम चोख बजावले. आज्ञा शिळी झाली होती, पण तिला ते ठाऊक नव्हते. दुधाच्या पिशवीवर तारीख असते. या आज्ञेवर नव्हती. चाचांना दोन दिवसांपूर्वीची यादी कोणी दिली असती तर त्यांनी ती पाहून आधी कार्यालयात फोन केला असता.

या दोन घटना दोन घरांपुरत्या होत्या. जन्माष्टमीची घटना दीड लाख घरांची होती. त्यापुढे काय, हा विचार बाईंच्या मनात आला तो घरांच्या संख्येने नव्हे, वारंवारतेच्या आकड्याने. नियंत्रण कक्षाच्या भिंतीवर एक आकडा सतत हलत असतो: ४९.९८, ५०.०१, ५०.०३. ही देशाच्या ग्रिडची वारंवारता. काश्मीर ते कन्याकुमारी सारी जनित्रे एकाच तालात फिरतात आणि तो ताल सेकंदाला पन्नास आवर्तनांचा असावा लागतो. मागणी अचानक वाढली की जनित्रांवर ओझे येऊन ताल मंदावतो. मागणी अचानक घटली की ती मोकाट सुटू पाहतात. विजेचा साठा ग्रिडमध्ये जवळजवळ नसतोच, म्हणून क्षणाक्षणाला निर्मिती आणि वापर यांचा मेळ घालावा लागतो. भारताच्या ग्रिड संहितेने ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झ एवढाच अरुंद पट्टा मान्य केला आहे.

वापराच्या बाजूने हा मेळ घालण्याला मराठीत भारनियमन असा शब्द आहे. शब्द भारदस्त, अर्थ मात्र साऱ्या महाराष्ट्राने घामाघूम होऊन अनुभवलेला: अमुक वाहिनी अमुक तास बंद. हिंदीत त्यालाच सरळ कटौती म्हणतात आणि तो शब्द अधिक प्रामाणिक आहे, कारण त्यात नियमन असे काहीच नव्हते. वाहिनी बंद केली की त्यावरचा दवाखानाही बंद आणि पिठाची गिरणीही बंद. गुजरातने २००३ पासून ज्योतिग्राम योजनेत शेतीपंपांच्या वाहिन्या गावठाणापासून वेगळ्या काढल्या, तेव्हा या करवतीला थोडी धार आली. पंपांना ठरलेले तास आणि घरांना दिवसभर वीज देता येऊ लागली. न्यूझीलंडसारख्या देशांनी विसाव्या शतकाच्या मध्यापासूनच विजेच्या तारेतूनच एक वेगळ्या वारंवारतेचा इशारा पाठवून घरांतले पाणी तापवण्याचे बंब थोडा वेळ बंद ठेवण्याची रीत पाडली. बंब तासभर बंद राहिला तरी पाणी गरमच राहते आणि कोणाला काही कळतही नाही. नियमन म्हणावे ते याला. स्मार्ट मीटर आला तेव्हा भारतातही पहिल्यांदा शब्दाला साजेसे भारनियमन शक्य झाले: सगळे घर न तोडता मंजूर भाराची मर्यादा काही वेळ खाली आणायची. मीटर मर्यादा ओलांडल्यावर पुरवठा तोडतो, थोड्या वेळाने स्वतःच जोडून पाहतो, आणि भार उतरलेला असेल तर जोडलेला ठेवतो.

परंतु ग्रिडच्या दृष्टीने बंद करणे हा अर्धाच खेळ आहे. खरा घोर परत चालू करण्याचा. खेडोपाडी शेतकरी पंपाला ‘ऑटो’ लावून ठेवतो, म्हणजे रात्री-बेरात्री वीज आली की पंप आपोआप सुरू व्हावा. ही सोय प्रत्येकाच्या दृष्टीने शहाणपणाची आहे. पण वाहिनी चालू होताच तिच्यावरचे सगळे पंप एकाच क्षणी उठतात, आणि मोटर सुरू होताना चालू मोटरीच्या कितीतरी पट प्रवाह खेचते. रोहित्रे जळतात ती पुष्कळदा अशा क्षणी. शहरात हेच काम वातानुकूलन यंत्रे आणि शीतकपाटे करतात. दोन तास अंधारात तापलेले प्रत्येक यंत्र वीज आल्याबरोबर एकाच वेळी पूर्ण जोराने धावू लागते, एरवी ती आळीपाळीने चालू-बंद होत असतात.

साऱ्या देशाने हा प्रयोग एकदा स्वतःच्या हातांनी करून पाहिला आहे. ५ एप्रिल २०२० रोजी रात्री नऊ वाजता नऊ मिनिटे दिवे मालवण्याचे आवाहन झाले होते. ग्रिडचालकांनी मागणी बारा ते चौदा हजार मेगावॉटने घटेल असा अंदाज बांधून तयारी केली होती. प्रत्यक्षात ती सुमारे ३१,००० मेगावॉटने घटली आणि पुन्हा वर गेली. जलविद्युत केंद्रांनी त्या काही मिनिटांत आपली निर्मिती १७,००० मेगावॉटहून अधिक खाली आणली आणि मग परत चढवली, वारंवारता ४९.७ ते ५०.२६ हर्ट्झच्या दरम्यान झुलली, पण ग्रिड उभे राहिले. हे निभावले त्याची कारणे दोन. एक म्हणजे वेळ आधी ठाऊक होती. आणि दुसरे, कोट्यवधी हातांनी कोट्यवधी बटणे दाबली. कोणी नऊला पाच कमी असताना, कोणी नऊ वाजून दोन मिनिटांनी, कोणी विसरूनच गेले. माणसांचा तो गबाळेपणा ग्रिडच्या पथ्यावर पडला.

एका रात्रपाळीत बाईंनी कागदावर एक साधा हिशेब मांडला. केंद्र सरकारच्या २०२१ च्या सुधारित वितरण क्षेत्र योजनेत २५ कोटी स्मार्ट मीटर बसवण्याचे लक्ष्य होते. प्रत्येक मीटरमागे संध्याकाळचा सरासरी भार फक्त पाव किलोवॉट धरला, तरी एकूण होतात ६२,५०० मेगावॉट. म्हणजे ५ एप्रिलच्या दुप्पट. देशाची मागणी मे २०२४ मध्ये अडीच लाख मेगावॉटवर गेली होती. तिचा हा चौथा भाग. अर्थात हे सारे मीटर एका कंपनीच्या हाती नाहीत, एका सर्व्हरवर नाहीत; राज्यागणिक, कंपनीगणिक यंत्रणा वेगळ्या आहेत, आणि हा विखुरलेपणाच मोठा आधार आहे. पण एकाच बनावटीची आज्ञावली अनेक कंपन्यांत चालत असेल तर तो आधारही दिसतो तेवढा भक्कम नाही. २०१० मध्ये केंब्रिज विद्यापीठाचे रॉस अँडरसन आणि शैलेंद्र फुलोरिया यांनी एका निबंधात नेमका हाच प्रश्न विचारला होता: घरोघरच्या या बटणावर ताबा कोणाचा? प्रत्येक घरात दुरून चालणारा खटका बसवणे म्हणजे देशाने स्वतःच एक नवा कमकुवत सांधा निर्माण करणे होय, असा त्यांचा इशारा होता.

२३ डिसेंबर २०१५ रोजी युक्रेनमध्ये घुसखोरांनी वितरण कंपन्यांच्या संगणकांचा ताबा घेतला आणि उपकेंद्रांतले खटके दुरून उघडले. सव्वादोन लाखांच्या आसपास ग्राहक अंधारात गेले. तिथे स्मार्ट मीटरांना हात लागला नव्हता. तरी त्या घटनेत बाईंना पुन्हा पुन्हा वाचावीशी वाटणारी गोष्ट वेगळीच होती. तिथल्या कंपन्यांनी काही तासांत वीज परत आणली ती संगणकावरून नव्हे. माणसे गाड्या घेऊन उपकेंद्रांवर गेली आणि त्यांनी खटके हाताने बसवले. जुनी यंत्रणा अजून पुरती मोडीत निघालेली नव्हती आणि ती हाताळणारी माणसे अजून नोकरीत होती.

बाईंनी मग एक टिपण तयार केले. पानभराचेच. एका वेळी अमुक संख्येपेक्षा अधिक मीटरांना तोडण्याची आज्ञा जाऊ नये. जास्त असेल तर यंत्रणेने ती तुकड्यांनी, मध्ये अंतर ठेवून सोडावी. मोठ्या यादीला दुसऱ्या अधिकाऱ्याची संमती लागावी आणि ती पहिल्याच्या संगणकावरून देता येऊ नये. प्रत्येक आज्ञेला मुदत असावी. ती उलटली की आज्ञा मीटरने स्वतःच नाकारावी. तोडण्याआधी त्या क्षणीची शिल्लक पुन्हा एकदा तपासावी, काल रात्रीची नव्हे. परत जोडताना प्रत्येक मीटरने आपापल्या पुरता काही सेकंदांचा वा मिनिटांचा मनमानी विलंब घ्यावा. दवाखाने, पाणीपुरवठ्याचे पंप, घरी श्वसनयंत्रावर असलेले रुग्ण यांचे मीटर तोडण्याच्या यादीत येऊच शकणार नाहीत अशी तजवीज असावी. रात्री आणि सणासुदीला तोडू नये. हा शेवटचा नियम देशात अनेक ठिकाणी प्रीपेड मीटरांसाठी आधीपासून आहे.

बैठकीत एका वरिष्ठांनी टिपण वाचून विचारले, “मॅडम, काम जलद व्हावं म्हणून एवढा पैसा खर्च केला आणि आता तुम्ही ते मुद्दाम सावकाश करायला सांगता?” प्रश्न तिरकस असला तरी चुकीचा नव्हता. वितरण कंपन्यांचा तोटा खराच आहे. वसुली वेळेवर झाली नाही तर निर्मिती कंपन्यांची देणी थकतात आणि शेवटी त्याचा भार प्रामाणिकपणे बिल भरणाऱ्यावर पडतो. बाईंचे उत्तर एवढेच होते की मोजणी जलद असावी, बिल जलद असावे, जोडणी तर सर्वांत जलद असावी; फक्त तोडणी सावकाश असावी. टिपणातल्या सात मुद्द्यांपैकी चार मान्य झाले. दुसऱ्या अधिकाऱ्याच्या संमतीचा मुद्दा राहून गेला, कारण रात्रपाळीला दुसरा अधिकारीच नसतो. रुग्णांच्या यादीचा राहिला, कारण ती कोणी करायची ते ठरले नाही. मनमानी विलंबाला मीटरची आज्ञावली बदलावी लागणार होती. ते प्रकरण पुरवठादाराकडे गेले आणि तिथेच आहे.

इतक्यात दुसऱ्या बाजूने एक सौम्य उपाय आला आहे. ग्राहक हक्क नियमांतील २०२३ च्या दुरुस्तीने दिवसाच्या वेळेनुसार दर ठरवले: सूर्य तळपत असतानाच्या तासांत वीज नेहमीच्या दरापेक्षा दहा ते वीस टक्के स्वस्त, तर सर्वाधिक मागणीच्या तासांत त्याच प्रमाणात महाग. मोठ्या व्यावसायिक आणि औद्योगिक ग्राहकांना हे एप्रिल २०२४ पासून आणि शेती वगळता इतरांना एप्रिल २०२५ पासून लागू करायचे होते. महाराष्ट्रात प्रीपेड मीटरला विरोध झाल्यावर ‘टीओडी मीटर’ हे नाव पुढे आले ते यातूनच. भार हलवायचा, पण बटण ग्राहकाच्याच हाती ठेवायचे. कपडे धुण्याचे यंत्र दुपारी लावायचे की रात्री, हे घरातल्यांनी ठरवावे. दुपारी ज्यांचे घरी कोणी नसते त्यांना याचा काय उपयोग, हा आक्षेप रास्त आहे, आणि ज्यांच्याकडे धुण्याचे यंत्रच नाही त्यांच्यासाठी तर सवलत फक्त कागदावरची. तरी चुकलाच एखादा तर बिल थोडे वाढते. पाळण्यापुढचा दिवा विझत नाही.

आता बाईंच्या कक्षात रोज सकाळी दहा वाजता तोडणीची यादी तयार होते. परवाच्या यादीत तीन हजारांवर क्रमांक होते. नियमाने ती तुकड्यांनी जाणार होतीच; पण बाईंची एक सवय आहे, ती कोणत्याही टिपणात नाही. त्या यादीतून डोळे मिटून दहा क्रमांक काढतात आणि क्षेत्रातल्या माणसाला पाठवतात. चाचा निवृत्त झाले. आता त्यांच्या जागी आलेला मुलगा दुचाकीवर जातो. त्याला शिडी लागत नाही, दारावरची पाटी आणि मीटरचा क्रमांक तेवढा पाहून यायचे असते. परवा त्याचा फोन साडेअकराला आला. आठ क्रमांक बरोबर होते. एका घराला कुलूप होते. दहाव्या ठिकाणी मीटर होता, पण पाटी दुसऱ्याच नावाची होती आणि आत कोणी शिकवणी घेत होते.

बाईंनी त्या रोहित्राखालची सारी घरे यादीतून बाजूला काढली आणि मुलाला सांगितले, “तिथंच थांब. समोरच्या दाराचाही क्रमांक वाच.”